सँटोरिनीत पाच तासांची खासगी सहल: सोबत ज्येष्ठ आणि मुलं असताना कशी आखावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या मध्यावर सहा जणांचं कुटुंब ग्रीसला जाणार आहे. नवरा-बायको, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, निफाडकडचे द्राक्ष बागाईतदार असलेले सासरे आणि गुडघ्यांमुळे जिने चढू न शकणाऱ्या सासूबाई. अथेन्सहून फेरीबोटीने सँटोरिनी, फिरा गावात दोन रात्री मुक्काम. एजंटने पाच तासांची खासगी गाडी सुचवली आहे आणि त्यात आठ ठिकाणं बसवली आहेत: ईया (ज्याला बरेच जण ओया म्हणतात), निळ्या घुमटाचं चर्च, लाल किनारा, काळा किनारा, अक्रोतिरीचं उत्खनन, पिर्गोस गाव, प्रोफितिस इलियासचा डोंगर आणि वाइन टेस्टिंग. प्रश्न पाठवणाऱ्या ताईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. एवढे पैसे घालवण्यात अर्थ आहे का? आणि घरात कुणी घेत नाही, तर वाइनचा थांबा काढून टाकावा का?

ग्रीसच्या सहली आखणं आणि छोट्या गटांसोबत जाणं हेच माझं काम आहे, आणि हे बेट माझ्या फार जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, पण ही यादी घेऊन नाही. दुसऱ्याचं उत्तर ठाम नाही. वाइन काढा हवी तर, द्राक्षबाग अजिबात काढू नका. का ते पुढे येतंच.

आधी वेळेचा हिशेब करू. बेट लहान आहे, जेमतेम ७६ चौरस किलोमीटर. फिरा ते ईया ११ किलोमीटर. नकाशा पाहून वाटतं की पाच तासांत सगळं सहज होईल. पण आठ थांब्यांसाठी गाडीत निदान पावणेदोन तास जातात. सहा जणांनी उतरायचं, टोप्या-बाटल्या घ्यायच्या, कुणाला तरी स्वच्छतागृह हवं असतं, मग सगळ्यांनी परत गाडीत बसायचं, यात प्रत्येक थांब्याला पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणजे दोन तास गेले. उरला सव्वा तास, तो आठ ठिकाणांत वाटा. प्रत्येक जागी दहा मिनिटंही मिळत नाहीत. फोटो निघतील, बेट दिसणार नाही.

त्यात या बेटावर अंतरापेक्षा पायऱ्या महत्त्वाच्या. फिरा, इमेरोविग्ली, ईया ही गावं ज्वालामुखीच्या कड्याच्या माथ्यावर आणि उतारावर वसलेली आहेत. घरं एकाखाली एक, मधल्या बोळांना पायऱ्या, आणि गाडी गावाच्या बाहेरच थांबते. त्यामुळे एजंटला 'तिथे काय पाहायचं' हे विचारण्याआधी 'गाडीतून उतरल्यावर किती चालायचं आणि किती पायऱ्या' हे विचारा. तुमच्या यादीला ही चाळणी लावली की चित्रच बदलतं. लाल किनाऱ्याकडे जाणारी वाट खडबडीत आहे आणि वरचा कडा ढासळतो, तिथे धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत. आजी-आजोबांना आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे उतरू नका. उलट, ज्या अक्रोतिरीला 'भग्नावशेष आहेत, आईंना जमेल का' म्हणून तुम्ही बिचकला आहात, ते सासूबाईंसाठी सगळ्यात सोयीचं ठिकाण आहे. वर मोठं छप्पर, खाली फिरण्यासाठी उतरती वाट आणि लाकडी मार्ग, ऊन नाही, मध्ये टेकायला जागा. प्रोफितिस इलियास हा ५६७ मीटर उंचीचा, बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर, पण गाडी थेट वर जाते. एकही जिना न चढता अख्खं बेट पायाशी दिसतं. वारा मात्र सणसणीत असतो, तेव्हा सासूबाईंसाठी स्कार्फ हाताशी ठेवा.

आता खासगी गाडी कशासाठी घ्यायची ते. बेटावरच्या सार्वजनिक बस चांगल्या आहेत, पण सगळे मार्ग फिरातून सुटतात आणि फिरालाच परततात. अक्रोतिरीहून पिर्गोसला जायचं तर आधी उलट फिराला या, मग दुसरी बस पकडा. दक्षिणेकडचा भाग असा तुकड्यातुकड्यांत पाहावा लागतो. टॅक्सी मोजक्याच आहेत आणि हवी तेव्हा मिळत नाहीत. म्हणून गाडीचे पाच तास दक्षिणेला द्या. ईयाला फिराहून थेट बस आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास तिकडे जा. मोठ्या जहाजांवरच्या पर्यटकांच्या बस पोचण्याआधीचा तासभर ईया निवांत असतं. संगमरवरी फरशीची मुख्य गल्ली बरीचशी सपाट आहे, सासूबाई ती सावकाश चालू शकतील. टोकाच्या जुन्या किल्ल्यापर्यंत त्यांना नेण्याची गरज नाही, वाटेतल्या एखाद्या कठड्यावरूनही तोच समुद्र दिसतो. घुमटही तिथेच पाहून होईल.

आणि सूर्यास्तासाठी ईयाला जाऊच नका, निदान या मंडळींना घेऊन तरी नको. मेच्या मध्यावर सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो. त्यानंतर शेकडो माणसं त्याच अरुंद गल्लीतून एकाच वेळी बसकडे निघतात. त्या रेट्यात गुडघे दुखणाऱ्या माणसाला उभं राहणंही अवघड होतं. तुमचा मुक्काम फिरात आहे. तिथला कडाही पश्चिमेलाच तोंड करून आहे. सूर्यास्ताआधीच तिथे खुर्ची धरून बसा.

मी तुमच्यासाठी जो क्रम लावेन तो असा. सकाळी साडेआठला निघायचं. वाटेत कड्यावरच्या एखाद्या मोकळ्या जागी वीस मिनिटं, तिथून थेट अक्रोतिरी आणि तिथे दीड तास. मग मेगालोखोरी-पिर्गोसच्या पट्ट्यात द्राक्षबाग, पाऊण तास ते तास. त्यानंतर डोंगरमाथा, वीस मिनिटं. शेवटी पिर्गोसच्या चौकात थांबा. आजी-आजोबांनी तिथे कॉफी घेत बसावं, तुम्ही मुलांना घेऊन वरच्या जुन्या किल्ल्याच्या बोळांत चक्कर मारून यावं. दीडपर्यंत फिरा. काळा किनारा या पाच तासांत नको. मुलांना डुंबायचं असेल तर दुपारनंतर पेरिसा किंवा कामारीला बसने जा. तिथली काळी वाळू-खडी उन्हात भयंकर तापते, चपला घालूनच उतरवा.

कड्यावरचा पहिला थांबा एजंट हमखास वगळतात, कारण तिथे तिकीट नाही की दुकान नाही. पण तो घेतलाच पाहिजे, कारण बाकी सगळं तिथून उलगडतं. समोर जो अर्धगोल समुद्र दिसतो ते ज्वालामुखीचं कुंड आहे, साधारण १२ किलोमीटर लांब आणि ७ रुंद. इ. स. पूर्व १६०० च्या आसपास इथे महास्फोट झाला. पोटातला लाव्हारस बाहेर फेकला गेला आणि आधार गेलेलं छप्पर बसावं तसा बेटाचा मधला भाग खाली गेला. आत समुद्र भरला. मुलांना कड्यावरचे थर दाखवा: काळे, तांबूस, करडे, आणि सगळ्यात वर जाड पांढरट थर. तो पांढरा थर म्हणजे त्या महास्फोटाची राख आणि प्युमिस, म्हणजे सच्छिद्र, हलका दगड. सह्याद्रीतही आपण थर पाहत मोठे होतो, पण ते वेगळ्या रीतीने बनले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा भेगांतून वाहत आला आणि एकावर एक पसरत गेला, म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. इथला लाव्हारस घट्ट आणि वायूंनी भरलेला, त्यामुळे तो वाहण्याऐवजी फुटला. घाटातून रोज जाणारी आपली मुलं हा फरक चटकन पकडतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. समोरचं काळं बेट नेआ कामेनी. तिथला शेवटचा उद्रेक १९५० मधला.

याच राखेखाली अक्रोतिरी दडलं होतं. १९६७ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी इथे उत्खनन सुरू केलं, आणि दुमजली-तिमजली घरांचं, फरसबंद रस्त्यांचं, जमिनीखालून गटारं असलेलं गाव समोर आलं. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईसारखे इथे मृतदेह सापडले नाहीत. महास्फोटाआधी मोठे भूकंप झाले होते आणि माणसं आधीच निघून गेली असावीत. एका घराचा दगडी जिना नीट पाहा. प्रत्येक पायरी मधोमध तडकून दुभंगली आहे आणि दोन्ही अर्धे आतल्या बाजूला कलले आहेत. तो त्या भूकंपाचा पुरावा. मुलांना 'पश्चिम घरा'तलं वरच्या मजल्यावरचं शौचालय दाखवा, भिंतीतल्या मातीच्या नळाने रस्त्याखालच्या गटाराला जोडलेलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही सोय आठ वर्षांच्या मुलालाही थक्क करते. धान्याचे आणि तेलाचे मोठाले रांजण जागच्या जागी आहेत, ते पाहून आजोबांना आणि आजींना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

भित्तिचित्रं मात्र तिथे नाहीत. काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, काही फिरातल्या प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात. फिरातलं संग्रहालय लहान आहे, तासाभरात होतं आणि तुमच्या मुक्कामाच्या जवळ आहे, तेव्हा ते त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी जरूर करा. अक्रोतिरी आणि हे संग्रहालय, दोन्हीकडच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात आणि आठवड्यात बंदचा वारही असतो, म्हणून सहलीचा दिवस ठरवण्याआधी ते तपासा. फिरातल्या संग्रहालयात निळ्या माकडांचं चित्र आहे, त्यासमोर थोडं थांबा. शेपटी उंच धरण्याच्या ढबीवरून ही आपल्याकडची वानरं असावीत, असं काही संशोधकांनी अलीकडे मांडलं आहे. सगळ्यांना ते मान्य नाही. पण नाशिककडचं माणूस त्या चित्रासमोर उभं राहिलं तर त्याचं स्वतःचं मत होणारच, कारण अशी शेपटी त्याने हजार वेळा पाहिलेली असते.

अक्रोतिरीसाठी गाइड वेगळा घ्या. ग्रीसमध्ये पुरातत्त्वस्थळावर माहिती सांगण्याचा अधिकार परवानाधारक गाइडलाच आहे. ड्रायव्हर कितीही जाणकार असला तरी तो तुमच्यासोबत आत येऊन माहिती सांगू शकत नाही. 'खासगी टूर' म्हटलं की गाइड आलाच असं लोक गृहीत धरतात आणि दारात गेल्यावर हिरमुसतात. पैसे वाचवायचे असतील तर इतरत्र वाचवा, इथे नको. गाइडशिवाय हे गाव मातीच्या भिंतींचा ढीग वाटतं.

आता द्राक्षबाग. वाइन नको म्हणून हा थांबा काढणं म्हणजे सासऱ्यांचा या बेटाशी असलेला एकुलता एक थेट धागा कापणं. निफाडच्या माणसाला द्राक्षबाग म्हणजे मांडव किंवा 'वाय' आकाराचा आधार, तारा, ठिबक, आणि डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलाच्या मुळावर, भरलेलं कलम. इथे यातलं जवळपास काहीच दिसत नाही. वेल जमिनीलगत गोल वळवत नेतात, दरवर्षीच्या काड्या त्यातच विणतात, आणि त्याची टोपली होते. घड त्या टोपलीच्या आत धरतात. कारण इथला वारा. तो कोवळी फूट मोडतो, वाळू उडवून मणी ओरबाडतो. पानांची छत्री वरच्या उन्हापासूनही राखते. पाऊस हिवाळ्यात, तोही बेताचा. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारं धुकं आणि दव ही सच्छिद्र राखेची जमीन शोषून धरते, त्यावर वेल तगतो.

खुंटाची गोष्ट तर सासऱ्यांनी स्वतः विचारून घ्यावी. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने युरोपभरच्या बागा मुळातून खाल्ल्या, आणि तेव्हापासून जगभर ही कीड सोसणाऱ्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावणं विरळा झालं. सँटोरिनीच्या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाही, त्यामुळे ही कीड इथे रुजलीच नाही. इथले वेल आजही स्वमुळावर आहेत. टोपली म्हातारी झाली, उतारा घटला, की वरचा भाग छाटून टाकतात आणि जुन्या मुळावरूनच नवी फूट घेतात. म्हणून काही मुळं शेकडो वर्षांची आहेत असं तिथले शेतकरी सांगतात. मुख्य वाण असिर्तिको, पांढऱ्या द्राक्षाचं. तोडणी ऑगस्टमध्ये. मेमध्ये तुम्हाला फुलोरा किंवा नुकतं धरलेलं फळ दिसेल, आणि बागाईतदाराला खरं तर तेच पाहायचं असतं. काही द्राक्षं तोडल्यावर बारा-चौदा दिवस उन्हात पसरून सुकवतात आणि त्यापासून व्हिनसांतो नावाची गोड वाइन करतात. तासगावचा बेदाणा ज्याने पाहिला आहे त्याला त्या ओळीने पसरलेल्या घडांचा नुसता फोटोही पुष्कळ काही सांगून जाईल. दुष्काळ आणि हॉटेलांसाठी जाणारी जमीन यांमुळे बागा कमी होत आहेत, हेही तिथले लोक कळवळून सांगतात. त्यावर तुमच्या सासऱ्यांचं आणि त्यांचं बोलणं जुळायला वेळ लागणार नाही.

म्हणून एजंटला असं कळवा: टेस्टिंग नको, बागेत चालत फिरवणारी भेट हवी, आणि शक्यतो छाटणी-मशागत करणारं माणूस भेटेल अशा लहान वाइनरीत. सोबत द्राक्ष बागाईतदार येत आहेत हेही आधीच लिहा. ज्या ज्या वेळी मी हे आधी कळवलं आहे त्या वेळी स्वागताची तऱ्हाच बदलली आहे.

जेवणाचं थोडक्यात. बेट शाकाहाऱ्यांना सोयीचं आहे. इथली 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ आपल्या लाखेच्या डाळीच्या कुळातली. टोमॅटोची भजी आणि पांढरं वांगंही मागवा. अंडं, दूध, मांस काहीच नको असेल तर 'निस्तीसिमो' विचारा. तो त्यांच्या उपासाचा प्रकार आहे, सगळ्यांना माहीत असतो. समुद्रातलंही काही नको हे मात्र वेगळं सांगा, कारण त्यांच्या उपासाला कोळंबी-कालवं चालतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुक्काम न करता मोठ्या जहाजाने काही तासांसाठी येणार असता तर मी हा सगळा आराखडा बदलला असता. जुन्या बंदरावरून वर यायला केबल कार आहे आणि गर्दीच्या दिवशी तिच्या रांगेतच सहलीचा मोठा भाग जातो. दुसरा मार्ग सुमारे ५८८ पायऱ्यांचा. धाकट्याला गाढवावर बसायचं असेल, पण कृपया बसवू नका. त्या जनावरांचे उन्हातले हाल खरे आहेत आणि निसरड्या पायऱ्यांवर ते सुरक्षितही नाही. मुक्कामाला असलात तरी जहाजांचा फरक तुम्हालाही पडेल. २०२५ पासून दिवसाला ८,००० जहाज-प्रवाशांची मर्यादा आहे, तरी काही दिवस भरगच्च असतात आणि काही मोकळे. जहाजांचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. तुमच्या दोन दिवसांपैकी मोकळा दिवस ईयाला द्या, दक्षिणेला गर्दीचा दिवसही चालतो. तसंच फक्त दोघं तरुण असता तर मी गाडी न घेता बसनेच जा म्हटलं असतं. चारचाकी बाइक भाड्याने घेण्याचा विचार मात्र कुणीच करू नये. वळणांचे अरुंद रस्ते, त्यावर बस, आणि दरवर्षी होणारे अपघात.

भूकंपाची काळजी सासूबाईंना वाटते आहे असं तुम्ही लिहिलं आहे. ती अनाठायी नाही. १९५६ मध्ये मोठ्या भूकंपात पन्नासहून अधिक माणसं गेली. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हजारो लहान-मध्यम धक्के बसले आणि ११ हजारांहून अधिक लोक काही काळ बेट सोडून गेले. पुढे धक्के ओसरले आणि त्या वर्षीचा पर्यटन हंगाम सुरू झाला. बेटावर सतत यंत्रांची नजर असते. तुम्ही दोन गोष्टी करा: प्रवास विमा नैसर्गिक आपत्तीचा समावेश असलेला घ्या, आणि कड्याच्या पायथ्याशी रेंगाळू नका.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी एजंटकडून लेखी उत्तरं घ्या. दर गाडीचा आहे की माणशी? गाइड आणि तिकिटं त्यात आहेत का? पाच तास गाडी हॉटेलजवळ येते तेव्हापासून मोजणार की पहिल्या थांब्यापासून? मोठ्या व्हॅनची पायरी उंच असते, सासूबाईंसाठी छोटं स्टूल ठेवतील का? आठ वर्षांच्या मुलाला बूस्टर सीट मिळेल का? फेरीबोटीच्या दिवशी सहल ठेवू नका. वारा वाढला की बोटी तासन्‌तास उशिरा येतात आणि सहलीचे पैसे परत मिळतीलच असं नाही. आणि सगळ्यात आधी विचारा ते हे: गाडी नेमकी कुठे उभी राहणार? फिरातली कड्यावरची पुष्कळ हॉटेलं रस्त्यापासून साठ-सत्तर पायऱ्या खाली आहेत. तसं असेल तर सहलीपेक्षा हॉटेल आधी बदला, रस्त्याच्या पातळीवरची खोली घ्या.